चिल्लर चाळायची कशी आणि ग्रेडिंगला पाठवायचं काय

गल्ल्यातली, बरणीत साठलेली किंवा बँकेतून आणलेली चिल्लर चाळायची आणि त्यातून मोलाचं नाणं शोधून काढायचं, हा छंद लांबून फार सोपा वाटतो. प्रत्यक्ष बसलं की पहिली अडचण कळते. नवख्याला जवळजवळ प्रत्येक नाणं वेगळं दिसतं. कुणाची कड चेपलेली, कुणाचा रंग तांबूस, कुणावर आडवी रेघ. तासाभरात 'दुर्मिळ' नाण्यांचा ढीग उरलेल्या ढिगाएवढा होतो.

या छंदात खरं कसब लागतं ते नाणी भराभर बाद करायला. नाणं हातात घेतल्यावर 'हे मी का ठेवतोय?' याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. नाही आलं, तर नाणं परत ढिगात. पुढच्या सगळ्या पायऱ्या, अगदी ग्रेडिंगपर्यंतच्या (म्हणजे तिऱ्हाइताकडून नाणं तपासून घेण्यापर्यंतच्या), याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

पायरी १: शोधायचं काय, हे आधी ठरवा

चलनातलं नाणं दर्शनी किमतीपेक्षा महाग ठरायला ढोबळमानाने चार कारणं असतात: धातू, कमी संख्या, टांकसाळीतली चूक आणि नाण्याची अवस्था.

धातूचं काम सर्वांत सोपं, कारण तिथे सालावरून निकाल लागतो. अमेरिकेत १९६४ पर्यंतचे डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट) आणि हाफ डॉलर ९० टक्के चांदीचे होते. १९६५ ते १९७० चे हाफ डॉलर ४० टक्के चांदीचे. ब्रिटनमध्ये १९१९ पर्यंतची चांदीची नाणी ९२.५ टक्के, १९२० ते १९४६ ची ५० टक्के, आणि १९४७ पासून चांदी गेली ती गेलीच. तुम्ही ज्या देशाची चिल्लर चाळणार, तिथली अशी वर्षं एका कागदावर लिहून समोर ठेवा. चांदी मिळाली म्हणून वितळवायला धावू नका. कित्येक देशांत काही नाणी वितळवणं हा गुन्हा आहे, आणि जुनं नाणं नाणं म्हणून चांदीच्या भावापेक्षा महाग असू शकतं.

कमी संख्येचं उदाहरण म्हणजे ब्रिटनचं २००९ चं क्यू गार्डन्सचं ५० पेन्स. ते चलनासाठी फक्त २ लाख १० हजार पाडलं होतं. पण संख्या कमी म्हणजे किंमत जास्त, असं सरळ गणित नसतं. ते नाणं हवं असणारे लोकही लागतात. हजारच नग असलेलं नाणं कुणालाच नको असेल, तर ते स्वस्तच राहतं.

टांकसाळीच्या चुका हा या छंदाचा सर्वांत रसाळ भाग, त्यावर पुढे सविस्तर येतो. आणि अवस्था, म्हणजे नाणं किती कोरं राहिलं आहे, ती शेवटी सगळ्यांवर भारी पडते.

सुरुवातीला एकच देश, एक-दोन दर्शनी किमती आणि दहा-बारा शोधायच्या गोष्टी एवढंच घ्या. 'जगातली सगळी दुर्मिळ नाणी' अशा याद्या घेऊन बसणाऱ्याला काहीच सापडत नाही, कारण त्याची नजर कशावरच बसत नाही.

पायरी २: साधनं

दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. याहून मोठ्या भिंगातून बघितलं की साधे ओरखडेही चमत्कार वाटू लागतात. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा, एक छोटा लोहचुंबक, खाली अंथरायला मऊ कापड आणि एका बाजूने प्रकाश टाकणारा दिवा. छताच्या पसरट उजेडात नाण्यावरचे बारीक चरे दिसत नाहीत. दिव्याखाली नाणं तिरकं करून फिरवलं की दिसतात.

नाणं नेहमी कडेने धरायचं. बोटाचा ठसा ताज्या तांब्यावर कायमचा उमटू शकतो.

पायरी ३: चिल्लर मिळवणं

बँकेतून नाण्यांच्या पिशव्या किंवा गुंडाळ्या घेता येतात. खातं असलेल्या शाखेत, गर्दी नसताना, नीट विचारून. चाळून झालेली नाणी शक्यतो दुसरीकडे जमा करा, नाहीतर पुढच्या खेपेला आपलीच नाणी आपल्याकडे येतात. कोणती गुंडाळी कुठून आली आणि त्यात काय निघालं, याची छोटी नोंदवही ठेवा.

'न चाळलेली' म्हणून जादा पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या गुंडाळ्यांच्या नादी लागू नका. विकणाऱ्याने आधी एकदा हात फिरवलेला नाही, यावर विश्वास ठेवायला काहीही आधार नसतो.

पायरी ४: चाळण्याचा क्रम

क्रम ठरलेला असला की हात वेगाने चालतो. आधी कड, मग छाप्याची बाजू, मग साल आणि टांकसाळीची खूण, मग मागची बाजू, शेवटी दोन्ही बाजूंचा मेळ.

कड आधी का? वीस नाणी एकावर एक रचून बाजूने पाहिली की परकं नाणं लगेच उठून दिसतं. १९६५ नंतरच्या अमेरिकी क्वार्टरच्या कडेला तांब्याची तपकिरी रेघ असते, चांदीच्या क्वार्टरची कड मात्र सलग पांढरी. शंका आली तर वजनकाटा सांगतो: चांदीचा क्वार्टर ६.२५ ग्रॅम, नंतरचा ५.६७ ग्रॅम.

साल बघताना टांकसाळीची खूणही बघायची. भारताच्या नाण्यांवर ती सालाखाली असते: मुंबईचा पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नसते. एकाच सालाचं नाणं एका टांकसाळीचं अगदी सामान्य आणि दुसरीचं विरळ असू शकतं, म्हणून 'अमुक सालचं' एवढी नोंद अपुरी पडते.

दोन्ही बाजूंच्या मेळाचं सांगायचं तर भारत आणि ब्रिटनची आजची नाणी पुस्तकाच्या पानासारखी उजवीकडून डावीकडे उलटली की मागची बाजू सुलट दिसते. अमेरिकी नाणं वरून खाली उलटावं लागतं. त्या देशाच्या पद्धतीने उलटल्यावरही मागची बाजू बरीच तिरपी दिसली, तर डाय (नाण्यावर चित्र उमटवणारा साचा) फिरलेला होता. थोड्याशा तिरपेपणाला किंमत नसते. पाव वर्तुळ किंवा त्याहून जास्त असेल, तर ठेवा.

काही चुका नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ब्रिटनमध्ये २००८ साली २० पेन्सचं नाणं नव्या रूपात आलं, तेव्हा सालाची जागा मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूवर नेली. काही नाण्यांना मात्र पुढून जुना डाय आणि मागून नवा डाय लागला. परिणामी दोन्ही बाजूंना सालच नाही! दोन न जुळणाऱ्या डायच्या अशा नाण्याला नाणेसंग्राहक 'म्यूल' म्हणतात. भिंग नाही, काटा नाही, फक्त साल शोधायची सवय हवी.

पायरी ५: चूक की नुकसान?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात. नाणं टांकसाळीतून बाहेर पडण्याआधी जे झालं ती चूक. बाहेर पडल्यावर जे झालं ते नुकसान. चुकीला किंमत आहे, नुकसानाला नाही. प्रत्येक विचित्र नाण्याला एकच प्रश्न विचारा: टांकसाळीत हे कसं घडलं असेल? कोरी चकती येते, दोन डाय तिच्यावर दाबले जातात, नाणं बाहेर पडतं. या तीन टप्प्यांत तो दोष बसवता येत नसेल, तर तो बाहेरचा आहे.

कडेचा तुकडा गेलेलं नाणं घ्या. पत्र्यातून चकत्या कापताना कापणी एकमेकींवर आली, तर चकतीला चंद्रकोरीसारखी खाच पडते. ती खरी असेल तर खाचेच्या बरोबर समोरची कडही बहुधा कमकुवत, पुसट असते, कारण कड उठवताना समोरून दाब मिळालेला नसतो. कुणी कात्रीने किंवा कानशीने खाच पाडली असेल तर समोरची कड शाबूत राहते. शिवाय खऱ्या खाचेजवळची अक्षरं खाचेकडे किंचित ओघळल्यासारखी दिसतात. कापलेल्या नाण्यावर ती मध्येच छाटलेली असतात.

दुसरा मोठा चकवा दुहेरी अक्षरांचा. १९५५ चा अमेरिकी सेंट या बाबतीत प्रसिद्ध. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एका डायवर ठसा दोनदा, किंचित फिरून उमटला आणि त्या डायने पाडलेल्या प्रत्येक सेंटवर साल आणि अक्षरं दुहेरी आली. चूक लक्षात आली तोवर ती नाणी इतर नाण्यांत मिसळून गेली होती, म्हणून तशीच सोडली. अशा खऱ्या दुहेरी डायमध्ये दोन्ही प्रतिमा गोलसर, भरीव असतात, अक्षरं जाडजूड होतात आणि अक्षरांच्या टोकांना दुभंगलेली खाच दिसते.

याउलट ठोका बसल्यावर सैल डाय जरासा हलला, तर अक्षराच्या बाजूला चपटी, चकचकीत पायरी पडते आणि मूळ अक्षर बारीक होतं, कारण त्याचाच धातू सरकलेला असतो. याला मशीन डबलिंग म्हणतात, आणि त्याला जवळपास काहीच किंमत नसते. ऑनलाइन 'डबल डाय' म्हणून मिरवणारी कित्येक नाणी हीच असतात. अक्षर जाड झालंय की बारीक, एवढं पाहिलं तरी बहुतेक वेळा निकाल लागतो.

नुकसानाच्या नेहमीच्या तऱ्हाही ओळखून ठेवा. कपडे वाळवायच्या यंत्रात अडकून फिरत राहिलेल्या नाण्याची कड आतल्या बाजूला गोल वळते. आम्लात बुडवलेलं नाणं बारीक आणि हलकं होतं, अक्षरं पुसट होतात. दोन नाणी पकडीत दाबली की एकावर दुसऱ्याची उलटी अक्षरं उमटतात, पण मूळ चित्र चेपलेलं राहतं. सोनेरी दिसणारं पांढरं नाणं बहुतेकदा मुलामा दिलेलं असतं.

धातूच्या चुकीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचा १९४३ चा सेंट. युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून त्या वर्षी सेंट जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचे पाडले. पण आधीच्या वर्षीच्या काही तांब्याच्या चकत्या यंत्रात राहून गेल्या आणि मोजकीच नाणी तांब्याची निघाली. १९४७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळकरी मुलाला शाळेच्या उपाहारगृहात सुट्या पैशांत त्यातलं एक मिळालं. सरकारी खात्याकडे विचारणा केली तर उत्तर आलं की १९४३ चे सगळे सेंट पोलादीच आहेत. त्याने तरीही नाणं जपून ठेवलं आणि २०१९ मध्ये, त्याच्या पश्चात, ते लिलावात गेलं.

मात्र तांबूस दिसणारं १९४३ चं नाणं आपल्या हाती आलं, तर ते खोटंच धरून चालायचं. आधी चुंबक लावा. चिकटलं तर ते पोलादी नाण्यावरचं तांब्याचं पाणी. नाही चिकटलं तर वजन करा: तांब्याचं ३.११ ग्रॅमच्या आसपास, पोलादी त्याहून हलकं. तिथूनही सुटलं तर भिंगाखाली शेवटचा ३ बघा. खऱ्या १९४३ मध्ये ३ ची शेपटी इतर अंकांच्या ओळीच्या खाली उतरते. १९४८ च्या सेंटमधला ८ खरवडून बनवलेल्या ३ मध्ये ती उतरत नाही. तीन परीक्षा मिळून दोन मिनिटं लागत नाहीत.

चुंबकाचा असाच उपयोग इतरत्रही होतो. भारताचं अकरा कोनांचं जुनं दोन रुपयांचं नाणं तांबं-निकेलचं असल्याने चुंबकाला चिकटत नाही, नंतरचं पोलादी चिकटतं. एखाद्या सालाचं नाणं आपल्या जातीप्रमाणे वागलं नाही, तर वजन करून बाजूला ठेवायला कारण मिळतं.

पायरी ६: हात आवरा

सापडलेलं नाणं धुऊ नका, घासू नका, चिंच, लिंबू, टूथपेस्ट, पितांबरी काहीही लावू नका. वर्षानुवर्षांनी आलेला रंग आणि टांकसाळीतून आलेलं मूळ तेज एकदा गेलं की परत येत नाही. घासलेल्या नाण्यावर भिंगाखाली एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात, आणि ग्रेडिंगवाले त्या पहिल्या नजरेत ओळखतात.

ठेवायला मऊ पीव्हीसीची पाकिटं वापरू नका. काही काळाने त्यांतून चिकट हिरवट थर नाण्यावर चढतो. मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकची) पाकिटं किंवा घट्ट कॅप्सूल चालतात. नाण्यासोबत चिठ्ठी: कधी, कुठून, वजन किती, ठेवण्याचं कारण काय.

पायरी ७: पाठवायचं की नाही?

ग्रेडिंग म्हणजे तिऱ्हाइताने नाणं खरं आहे का हे तपासून, त्याच्या अवस्थेला आकडा देऊन, ते सीलबंद प्लास्टिकच्या डबीत घालणं. त्या डबीला स्लॅब म्हणतात. १ ते ७० चा आकडा १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी जुन्या अमेरिकी सेंटसाठी मांडलेल्या मापावरून आला. १ म्हणजे कोणतं नाणं आहे एवढंच कळेल इतकं झिजलेलं. ४० च्या पुढे बरेच तपशील शाबूत. ५० ते ५८ म्हणजे जेमतेम झीज. ६० पासून पुढे चलनात न झिजलेलं. ७० म्हणजे भिंगाखालीही निर्दोष.

स्वतः अंदाज करायला चित्राचे सर्वांत उंच भाग बघा: केस, गाल, कान, खांदा. झीज तिथेच सुरू होते. मग दिव्याखाली नाणं फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. उंच भागांवर तो तुटत असेल तर नाणं ६० च्या खालचं.

ग्रेडिंगच्या शुल्काखेरीज प्रत्येक पार्सलमागचं हाताळणी शुल्क, जाण्या-येण्याचं टपाल आणि विमा, आणि परदेशी पाठवत असाल तर सीमाशुल्काची भानगड, असा एकूण खर्च काढा. मग ते नाणं तुमच्या अंदाजाच्या ग्रेडमध्ये आणि त्याहून एक पायरी खालच्या ग्रेडमध्ये प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं, ते लिलावांच्या निकालांत बघा. मागितलेली किंमत बघू नका, मिळालेली बघा. खालच्या ग्रेडमध्येही खर्च निघत असेल तर पाठवा. एरवी चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. नाणं कितीही आवडलं तरी त्याला कॅप्सूल पुरतं. चलनातून निघालेलं शंभरातलं एखादंच नाणं या परीक्षेत टिकलं, तरी नशीब चांगलं म्हणायचं.

याच टप्प्यावर 'तुमचं जुनं नाणं लाखोंना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा' अशा जाहिराती भेटतात. आपलं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांसाठी शुल्क, कमिशन, कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा भारतीय रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. विकत घेणारा आपल्याला पैसे देतो, मागत नाही.

पायरी ८: प्रत्यक्ष पाठवणं

ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांत जगभर चालणारी मोठी नावं दोन: १९८६ मध्ये कामाला लागलेली पीसीजीएस आणि १९८७ पासूनची एनजीसी. अमेरिकेतली एएनएसीएस त्याहून जुनी, १९७२ ची. थेट पाठवायचं तर सदस्य व्हावं लागतं. एक-दोन नाण्यांसाठी अधिकृत विक्रेत्यामार्फत पाठवणं स्वस्त पडतं.

अर्ज भरताना नाण्याची जाहीर किंमत बघून सेवेचा प्रकार निवडायचा असतो. आणि नाण्यात टांकसाळीची चूक असेल किंवा ते खास प्रकाराचं असेल, तर 'व्हरायटी' किंवा 'एरर' तपासणीचा रकाना वेगळा भरावा लागतो, त्याचे पैसेही वेगळे. तो रकाना रिकामा सोडला तर दुहेरी डायचं तुमचं नाणं साधं साल आणि ग्रेड लिहून परत येऊ शकतं, आणि दोष त्यांचा नसतो.

प्रत्येक नाणं वेगळ्या मऊ, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात, पाकिटावर अर्जातला अनुक्रमांक. स्टेपलर लावलेली पुठ्ठ्याची चौकट पाठवू नका. काढताना पिन नाण्यावरून घासली तर संपलं. पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्पष्ट फोटो काढा, पार्सल आतून हलणार नाही असं बांधा, विमा उतरवा. बाहेरच्या खोक्यावर 'नाणी' हा शब्द येऊ देऊ नका.

तिथे किमान दोन परीक्षक नाणं स्वतंत्रपणे बघतात. मालक कोण, हे त्यांना माहीत नसतं.

पायरी ९: निकाल वाचणं

लेबलवर अक्षरं आणि आकडा असतो: झीज नसलेल्याला एमएस, किंचित झिजलेल्याला एयू, त्याखाली एक्सएफ, व्हीएफ वगैरे. आकड्याऐवजी 'डिटेल्स' लिहून आलं, तर नाणं खरं आहे, पण घासलेलं, चरे पडलेलं किंवा रसायनाने बिघडलेलं आहे. शुल्क मात्र पूर्ण लागतं. अशा नाण्याची किंमत बरीच खाली येते, तरी विरळ नाण्याच्या बाबतीत 'खरं आहे' एवढा शिक्काही कामाचा असतो.

ग्रेड पटला नाही तर स्लॅब फोडून पुन्हा पाठवण्याचा मोह होतो. नवख्याने तो टाळावा. फोडताना नाण्याला इजा होऊ शकते आणि दुसऱ्या खेपेला ग्रेड खालीही येऊ शकतो. स्लॅब न फोडता फेरतपासणी मागता येते, त्याचं शुल्क वेगळं.

स्लॅबवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून आपलं नाणं आणि तिथली नोंद जुळते का, हे लगेच बघा. फोटो उपलब्ध असेल तर त्यातला एखादा बारीक ओरखडा किंवा ठिपका हातातल्या नाण्यावर शोधा. पुढे कधी स्लॅबमधलं नाणं विकत घ्यायची वेळ आली तर पैसे देण्याआधी हीच तपासणी करायची, कारण बनावट स्लॅबही बाजारात आहेत आणि त्यांवर कुठल्यातरी खऱ्या नाण्याचा खरा क्रमांक छापलेला असतो.